लांबवलेलं आख्यान

लंडनहून श्रीधरचं विमान निघाल्याची तार भवानीपूरच्या घरी आली, तेव्हा सदाशिवरावांचा श्वास जड झाला होता. उद्याची संध्याकाळ कठीण, असं डॉक्टरबाबू सांगून गेले होते. मुलगा पोचेपर्यंत वडील टिकतील का, एवढाच प्रश्न घरात उरला.

गुरुदत्त हा सदाशिवरावांच्या बायकोचा, सरलाबाईंचा, भाऊ. त्याने नकाशाच्या पुस्तकात लंडनपासून डमडमच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला, अंतर मोजलं आणि सांगितलं, "ताई, उद्या दुपारी श्रीधर दारात."

दुपार झाली, कोणी आलं नाही. गुरुदत्त डमडमला फोन करून परतला तो पडलेल्या चेहऱ्याने. "कराचीला धुळीचं वादळ आहे. विमान तिथेच अडकलंय."

"कराचीला कशाला गेलं ते?"

"तेल भरायला. रोम, कैरो, कराची, दिल्ली, सगळीकडे उतरतं. मी दोरा सरळच धरला."

"तू लहानपणापासून असाच सरळ," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कीर्तनकार दत्तात्रयबुवांना बोलावून घेतलं. सदाशिवराव आयुष्यभर कीर्तनं ऐकत आले; अंगात ताप असला तरी आरतीआधी उठले नाहीत.

"बुवा, आज आख्यान लांबवा. आरती होईस्तोवर हे जायचे नाहीत."

बुवा चिपळ्या घेऊन खाटेपाशी उभे राहिले. आख्यानातला राजपुत्र वनातून घरी निघाला. बुवांनी त्याच्या वाटेत पूर आणला, मग एक आश्रम आणला, मग तिथल्या ऋषींचा आग्रह.

"हाही कराचीलाच अडकला वाटतं," गुरुदत्त पुटपुटला. सरलाबाईंना रडता रडता हसू आलं.

उन्हं उतरली. सदाशिवरावांचं बोट गादीवर अजून ताल धरून होतं. पण प्रत्येक श्वास अडत होता, आणि बुवा थांबले की त्यांची नजर बायकोकडे वळत होती. निघायचं असूनही यजमानाला वाईट वाटेल म्हणून बसून राहिलेल्या पाहुण्याची ती नजर. सरलाबाईंनी ती ओळखली. ज्या नामाने जीव सुटायचा, त्याच नामाने आपण तो बांधून ठेवलाय, हे त्यांना उमगलं.

"बुवा, राजपुत्राला घरी पोचवा."

"वहिनी, एव्हाना विमान सुटलंही असेल."

"पोचवा."

बुवांनी चिपळ्या वाजवल्या, आणि राजपुत्र नदी उतरून घरी आला. निरांजन पेटलं. सरलाबाईंनी नवऱ्याचा तळहात ज्योतीवरून फिरवून त्यांच्या डोळ्यांना लावला. गजर संपायच्या आत बोट थांबलं.

श्रीधर सकाळी आला. वडिलांना बर्फावर ठेवलं होतं. आईने त्याला जवळ घेतलं.

"ते थांबले होते रे तुझ्यासाठी. आख्यान संपवून आरती करा म्हणून मीच सांगितलं."

त्याने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "फार त्रास होत होता का?"

"हो, बाळा."

श्रीधरने पायातले बूट काढले आणि तो वडिलांच्या पायाशी बसला.