हिरवा दोरा

कच्.

बाळ नुकतं झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, मी चहाचा पहिला घोट घेणार तोच बागेतून आवाज आला. पुन्हा कच्.

धावले. पिवळ्या बटणगुलाबासमोर थोरली लेक, वय वर्षं चार, हातात कात्री. फ्रॉकच्या ओच्यात झाडाची सगळी फुलं.

"अगं, काय केलंस हे!"

"आजी फोनवर म्हणाली ना, कापली की जास्त येतात."

"सुकलेली कापायची, बाई!"

"सुकेपर्यंत कोण थांबणार?"

सासूबाई महिनाभर नणंदेकडे होत्या. झुडूप माझ्या हवाली करून गेल्या तेव्हा शेजारच्या काकू खो खो हसल्या होत्या. "हिच्या? हिनं निवडुंग मारलाय!" मारला होता खरा. पण सासूबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं तणतणल्या, "मी आले की या बघायला. लगडलेलं असेल!" आणि आज संध्याकाळी त्या येणार होत्या. काकूही. माझं हसं झालं असतं तर चाललं असतं; सासूबाईंचं व्हायला नको होतं.

शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा काढला. एकेक फूल देठाला बांधत सुटले. लेक मुकादम. "हे वाकडंय. याची मान पडली."

बॅग दारात टाकून सासूबाई थेट झाडाशी. मागे काकू, चष्मा पुसत.

"अगंबाई, आहेत की हो!"

सासूबाईंनी वाकून एका फुलाला बोट लावलं. बोट दोऱ्यावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

काकूंचा हात पुढे आला, तशा सासूबाई कडाडल्या, "हात नका लावू! औषध मारलंय."

काकू दोन पावलं मागे. "बरंच शिकवलंत हो सुनेला."

"छे! तिचं तिचंच डोकं आहे ते."

काकू गेल्या. माझ्या शेजारून जाताना सासूबाई पुटपुटल्या, "गाठ तरी नीट मारायचीस. ते कडेचं लोंबतंय." आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्यांच्या हसण्यानं बाळ उठलं.

त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आले, तर लेक दात घासायच्या मगानं झाडाला पाणी घालत होती. हळूच, एकेका फुलावर.

"आई," ती कुजबुजली, "आपण तुटलोय, हे फुलांना कळलंय का गं?"