तोंड आहे, पण जीभ नाही

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, पार वैतागलेली कुंडी आहे. देवाने मला तोंड दिलं ते हे एवढं मोठं, पण जीभ द्यायला तो विसरला. जीभ असती तर आमच्या दवाखान्यातली निम्मी रडारड वाचली असती.

कुंभाराने मला तुडवलं, चाकावर गरगरा फिरवलं, भट्टीत भाजलं. डोक्यावर फूल मिरवायला मिळेल या आशेवर मी सगळं सोसलं. मिळालं काय? दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत गुलाबाचं एक रोप. डॉक्टरांच्या आईंनी त्याला इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा पाणी घातलं, की ते मुळापासून कुजलं. तेव्हाच मी ओळखलं, या माणसांची माया दांडगी आणि धीर मुंगीएवढा.

मग डॉक्टरांनी मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि पेशंट बसतात त्या खोलीतल्या काचेच्या टाकीत आडवी ठेवली. तेही खाऱ्या पाण्यात! टाकीत क्लाउनफिशची जोडी होती, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली. मादी धिप्पाड आणि तापट, नर तिच्या निम्मा आणि गरीब. समुद्रात हे मासे समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, आसऱ्याला राहतात, म्हणून डॉक्टरांनी हौसेने तेही आणलं होतं. दोघांनी त्याकडे ढुंकूनही न पाहता माझ्यात बिऱ्हाड थाटलं. खोटं कशाला बोलू, मी फुगले होते.

डॉक्टरांना एकच ध्यास होता. समुद्रातून पकडून आणलेले कितीतरी मासे वाटेतच मरतात, म्हणून पिल्लं आपल्याच टाकीत जन्मावीत. हे ते खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटलासुद्धा सांगत. त्या बिचाऱ्याला ‘हो’ही म्हणता येत नसे आणि ‘पुरे’ही.

आणि एकदाची नर-मादीने माझी पाठ तोंडाने घासून लख्ख केली. मादीने तिच्यावर केशरी अंडी चिकटवली आणि ती गेली हुंदडायला. राहिला बाप. दिवसभर पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी लोटायचा. एखादं अंडं नासून पांढरं पडलं, की गट्ट करायचा. नेमकं तेवढंच आईंनी पाहिलं.

“अरे, धाव रे! हा मेला स्वतःची पोरं खातोय!”

डॉक्टर एका आजोबांच्या तोंडात कापूस कोंबून तसेच धावले. जाळी घालून बापाला उचललं आणि टाकीतल्याच एका कप्प्यात कोंडलं. “बाप आहे की राक्षस!” खोलीभर पेशंट चुकचुकले. गालफडं सुजलेली, पण निवाडा करायला सगळे तयार! अहो शहाण्यांनो, तो नासकं तेवढंच काढतोय, बाकीची वाचावीत म्हणून! पण ऐकतो कोण? काही दिवसांतच अंड्यांवर बुरशी चढली. सगळी गेली. बाप कप्प्याला तोंड लावून बघत राहिला. डॉक्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि आई म्हणाल्या, “बघितलंस? याला आणखी आधी उचलायला हवा होता.”

आता कपाळ बडवून घ्यायचं, तर मला कपाळ तरी आहे का?

पुढच्या खेपेला तेच झालं. डॉक्टर म्हणाले, “आता एकदाच. याही वेळी गेली तर टाकी मोडून टाकणार. मला नाही बघवत.”

तिसऱ्यांदा अंडी आली. बापाने पहिलं पांढरं अंडं गिळलं आणि आईंनी जाळी उचलली. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून आवाज आले. एक काकू दाढ काढू देत नव्हत्या.

“अहो काकू, किडली आहे ती. ठेवली तर शेजारच्या दोन घेऊन जाईल.”

“पण माझी आहे हो ती!”

“म्हणूनच काढतोय ना!”

आईंचा हात पाण्यावरच थांबला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. बाप केशरी अंड्याशी गेला, त्याच्यावर नुसतं पाणी लोटलं. पलीकडचं पांढरं, ते गिळलं. पुन्हा केशरी, ते सोडलं. देव कुणाच्या तोंडून बोलेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी तो काकूंच्या किडक्या दाढेतून बोलला.

“अरे,” आई ओरडल्या, “आपला मासा तुझाच धंदा करतोय रे!”

मग आई टाकीपुढे खुर्ची टाकून बसल्या. कुणी ‘अहो, खातोय बघा’ म्हटलं, की डाफरत, “तुम्ही आपला गाल शेका!” अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागले. एका संध्याकाळी दवाखाना बंद करून डॉक्टरांनी पंप थांबवला, दिवे घालवले. ही पिल्लं अंधार झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कपाळावर बांधायचा दिवा एका कोपऱ्याला धरला, आणि माझ्या पाठीवरून सुटलेले पापणीच्या केसाएवढे जीव उजेडाकडे निघाले. डॉक्टर ते पेल्याने अलगद उचलून दुसऱ्या टाकीत सोडत होते.

हल्ली आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!” ऐकून मला तडा जायचाच काय तो बाकी आहे. पण तुम्ही तरी ऐका, मित्रांनो. मुक्या जिवावर माया करा, पण त्याच्या संसारात हात घालण्याआधी घटकाभर नुसतं बघत बसा. तीही सेवाच आहे. बापाचं म्हणाल, तर रुसायला त्याला सवड नाही. सकाळपासून माझी पाठ घासतोय.