बैठकीची यजमानीण

हायडेलबर्गला आल्यापासून ऊर्मिलाच्या तोंडी अठराव्या शतकातल्या बायकांशिवाय दुसरा विषय नव्हता. ज्यांना विद्यापीठाचं दार बंद, अशा काही जणींनी बर्लिनमधल्या आपल्या दिवाणखान्यातच कवी, सरदार आणि व्यापारी एकत्र बसवले, स्वतः लिहिलं, दुसऱ्यांना बोलतं केलं. तिची पीएच.डी. त्यांच्यावरच होती. तशी एक बैठक आपल्या घरी व्हावी असं तिला वाटलं, यात नवल नाही. नवल हे, की खाण्याचा बेतही तिने त्या काळाबरहुकूम ठरवला: पातळ चहा आणि लोणी लावलेला पाव. तिच्या गाईड लिंडनरबाई येणार होत्या, आणि पुढची नोकरी त्यांच्या शब्दावर होती.

ऊर्मिलाच्या नवऱ्याची, म्हणजे गौरांगची आई, मनोरमाबाई, नाशिकहून आल्या होत्या. त्यांना हा बेत ऐकवेना.

"अगं, माणसं घरी बोलवायची आणि नुसता पाव? मी पोहे टाकते ना."

"नको, आई. आणि तुम्ही आत खोलीतच बसा हं. सगळं जर्मनमध्ये आहे, तुम्हाला उगाच कंटाळा येईल."

कंटाळ्याचं आपलं निमित्त. साडीवर लोकरीचे मोजे आणि दिसेल त्याची मराठीतून विचारपूस, या दोन्हींची ऊर्मिलाला लाज वाटायची. मनोरमाबाईंना ते कळलं. "बरं," म्हणून त्या आत गेल्या. गौरांग फ्रीजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत राहिला. आई आणि बायकोच्या मध्ये तो नेहमी फ्रीजच घालायचा.

पाहुणे आले: लिंडनरबाई, आणि ऊर्मिलाबरोबर शिकणारे दोघे मराठी, प्रणव आणि ईप्सिता. ऊर्मिलाने निबंध वाचला, उत्तम वाचला. मग "आता चर्चा करू," म्हणाली आणि सगळे आपापल्या कपात बघू लागले. प्रणव साखर आणायला स्वयंपाकघरात गेला, तो परतला नाही. त्याला बघायला ईप्सिता गेली. हळूहळू मोहरीचा तडतडाट ऐकू आला, मग हसणं. लिंडनरबाई हात धुवायला म्हणून उठल्या, त्याही तिकडेच. शेवटी गौरांग म्हणाला, "मी बघून येतो," आणि तोही गेला. पावाच्या ताटासमोर ऊर्मिला एकटी उरली.

ती दारात जाऊन उभी राहिली. गोळीसाठी पाणी घ्यायला आलेल्या मनोरमाबाईंना प्रणवचा उपाशी चेहरा दिसला होता. पुढचं सांगायला नको. आता त्या स्टुलावर बसून ईप्सितामार्फत लिंडनरबाईंना विचारत होत्या, "तुम्हाला घरच्यांनी सुखाने शिकू दिलं का हो?"

आणि हातात पोह्यांची बशी घेऊन लिंडनरबाई सांगत होत्या. वडिलांचा नकार, घर सोडणं, आईने लपून स्टेशनवर येणं. इतक्या वर्षांत त्या ऊर्मिलाशी प्रबंधापलीकडे बोलल्या नव्हत्या. प्रणव मध्येच आपल्या आईबद्दल बोलू लागला, आणि सगळे ऐकत होते.

आपण ज्यावर पानंच्या पानं लिहीत आलो ते हेच, हे ऊर्मिलाला कळलं. आणि जिला ते येतं तिला आपण खोलीत बसवलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिंडनरबाईंनी तिला पाहिलं. "ऊर्मिला! बाहेर निबंध आणि आत खरी बैठक! हे तुम्हीच योजलंत ना?"

ईप्सिताने ते मराठीत सांगितलं. ऊर्मिलाने तोंड उघडायच्या आत मनोरमाबाई बोलल्या.

"हो तर! तिनेच सांगितलं मला. म्हणाली, आई, तुम्ही सगळ्यांशी बोलत बसा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. गौरांगने मान खाली घातली. ईप्सिताने भाषांतर केलं, आणि सगळे ऊर्मिलाकडे वळले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"या, गेनाऊ," ती जर्मनमध्ये म्हणाली. हो, अगदी बरोबर.

लिंडनरबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. सर्वांत जोरात वाजवल्या त्या मनोरमाबाईंनी.