किनाऱ्याच्या बाजूला, जरा आत

घड्याळजींना कुणी विचारलं, "काल एवढे पक्षी कुठं दिसले हो?" की उत्तर ठरलेलं, "किनाऱ्याच्या बाजूला, जरा आत." आता एवढ्यावर माणूस काय शोधणार, कपाळ? पण पक्षी बघणाऱ्यांची जमातच तशी. चांगली जागा सापडली की सख्ख्या भावालाही ताकास तूर लागू देणार नाहीत. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोरचा औषधवाला याच नादातला. या उत्तराच्या भरवशावर त्याने दोन वेळा चिखलात चपला घालवल्या होत्या.

असे हे घड्याळजी एका पक्ष्यापुढे मात्र हात टेकून बसले होते. कालवफोड्या. काळी पाठ, पांढरं पोट, गाजरासारखी लांब लाल चोच, आणि त्या चोचीने कालवं फोडून खायची. अकरा वर्षं त्यांनी किनारा पालथा घातला, आतली तळी पालथी घातली, पण हा पठ्ठ्या काही दर्शन देईना. औषधवाल्याला दोनदा दिसला होता, आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यांनाही तो ते ऐकवायचा. घड्याळजींनी पलंगासमोर त्या पक्ष्याचं चित्र टांगलं होतं. वहीत पक्षी, जागा, पाहणारा असे रकाने होते, आणि 'पाहणारा'खाली पानोपानी 'मी'. कालवफोड्याची ओळ तेवढी कोरी.

एका शनिवारी संध्याकाळी ते घरी खिडकीपाशी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. बायको कामावरून आली. ती बर्फाच्या कारखान्यात फोन घ्यायची आणि हजेरी मांडायची. चपला काढता काढता म्हणाली, "तुमचा तो लाल चोचीवाला आज परत आला होता."

चिमट्यातली स्प्रिंग उडाली ती थेट कपाटाखाली. "परत म्हणजे?"

"आठवडाभर येतोय."

"अगं, बगळा असेल."

"अकरा वर्षं सकाळी उठल्यावर पहिलं तोंड त्याचं बघतेय. मला शिकवू नका."

"पण कुठं?"

बायकोने केस सोडून पुन्हा बांधले. "किनाऱ्याच्या बाजूला," ती म्हणाली, "जरा आत."

रविवारी उजाडल्यापासून घड्याळजी बाहेर. बायकोच्या कामाच्या वाटेवरचा धक्का पाहिला, दगडी बांध पाहिला, मग आतलं तळंही पाहिलं. कारखान्यामागचा, खाडीला मिळणारा नाला तेवढा सोडला. एवढा खानदानी पक्षी घाणीत कशाला तोंड घालील, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळी परतले तेव्हा उन्हाने नाक लालबुंद झालं होतं.

"सांग ना गं," ते गयावया करू लागले.

"लग्नाला चोवीस वर्षं झाली," बायको म्हणाली. "दर रविवारी विचारते, कुठं निघालात? तुम्ही मलाही हेच सांगता. औषधवाला जागा चोरेल, ते ठीक. मी काय चोरणार होते? मला नुसतं बरोबर यायचं होतं."

घड्याळजींनी आठवून पाहिलं. बायकोला 'चल' म्हटल्याचा एकही रविवार आठवेना. त्यांना फार वाईट वाटलं.

"चुकलं माझं. उद्या मला नेशील?"

"नेते. पण डबा तुम्ही करायचा."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बायकोने त्यांना कारखान्यामागच्या पायऱ्यांवर बसवलं. समोर नाला, मोडके क्रेट आणि नको तो वास. "इथं?" घड्याळजींनी नाकाला रुमाल लावला.

"गप्प बसा आणि जेवा."

एक वाजून पाच मिनिटांनी तो आला. नाल्याच्या भिंतीला चिकटलेल्या कालवांवर टकटक करत आरामात जेवू लागला. घड्याळजी दुर्बीण उचलायचीच विसरले. डोळे भरल्यामुळे त्यांना धड दिसतही नव्हतं. मग बायकोनेच दुर्बीण घेतली आणि पोटभर बघितलं.

त्यांनी वही काढली. 'पाहणारा'खाली लिहिलं, 'आधी ही, मग मी.'

तेवढ्यात फोन वाजला. औषधवाला. "दुकान बंद दिसतंय. काय सापडलं? कुठं?"

"किनाऱ्याच्या..." घड्याळजींच्या तोंडून सवयीने निघालंच. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "जागा हिची आहे. हिलाच विचार," म्हणत फोन तिच्या हातात दिला.

"बर्फाच्या कारखान्यामागे, नाल्याच्या पायऱ्यांवर," बायकोने एका दमात सांगून टाकलं. "उद्या एक वाजता या. एकटे मात्र येऊ नका, वहिनींना घेऊन या."