तिप्पण्णाची झडती

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुना धोटा आहे आणि मला उचलून बघायला पुढे आलेल्या हातांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. हात कोरडे आहेत का? गूळ खाऊन तर आला नाहीत ना? माझी दोन्ही टोकं लोखंडी आहेत. ती कुणाच्या बोटाला लागली की बोलणी मलाच बसतात.

धोटा म्हणजे काय, हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. मागावर उभे धागे ताणून बसवतात, त्यांना ताणा म्हणतात. त्या ताण्यातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. माझं अंग शिसवीचं आणि पोट पोकळ. त्या पोटात सुताची कांडी बसते. विणकर दोरी ओढतो की मी खट् करून पलीकडे जातो, पुन्हा खट् करून परत येतो. जन्मभर मी एवढंच केलं. कुठं पोहोचलो नाही म्हणा, पण लुगडी मात्र झाली.

मला घडवलं सोलापुरातल्याच एका सुतारानं. तो लबाड होता, असं मला अजूनही वाटतं. माझ्या लाकडात एक गाठ होती, ती त्यानं मेण भरून झाकली होती. तिप्पण्णानं मला विकत घेताना तळहातावर तोललं, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि हसून म्हणाला, "गाठ हाय की हितं! असू दे. माणसात बी असत्यात." असा उघड बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवसापासून मी तिप्पण्णाचा झालो.

तिप्पण्णा साखर पेठेत आबासाहेबांच्या कारखान्यात माग चालवायचा. पत्र्याखाली मागांच्या दोन रांगा आणि मागच्या अंगाला विणकरांच्या खोल्या. रुंद लाल काठाचं लुगडं सगळ्या कारखान्यात तो एकटाच विणायचा. त्याची बायको गुरम्मा खोलीत बसून माझ्यासाठी कांड्या भरायची. ही बाई माझ्यासारखीच संशयी होती, म्हणून आमचं बरं जमायचं. भाजीवालीनं काटा मारला, शेजारणीनं सरपण लांबवलं, असं काहीतरी तिच्या मनात सतत चालू असायचं. उंदरांवर तर तिचा दातच होता. ज्वारीच्या पोत्याला भोकं पाडतात म्हणून ती त्यांना कानडीत शिव्या द्यायची, मराठीत द्यायची, आणि फारच संतापली की शेजारणीकडून शिकलेल्या तेलुगूत द्यायची.

त्या काळी एकेका मागाचं सगळं काम एकेक घरच करायचं. पहाटे गल्लीत ताणा पसरायचा, ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवायची आणि कुंच्यानं धाग्यांना लावायची, म्हणजे धागा ताठ होतो आणि विणताना तुटत नाही. उन्हात वाळला की दुपारी तोच ताणा मागावर चढायचा. ‘आजची खळ आजच्या मागाला’ अशी कारखान्यात म्हणच होती. पण तोवर माग रिकामा पडून राहायचा आणि आबासाहेब येरझाऱ्या घालायचे.

सन तेहतीसच्या सुमाराला आबासाहेबांचा भाचा एकनाथ कारखान्यात आला. त्यानं मिलमध्ये कारकुनी केली होती. डोक्यावर काळी टोपी, चालणं झपझप. आला त्या दिवशी तो काही बोलला नाही, नुसता मागांच्या रांगांतून फिरला. माझ्या मनात पाल चुकचुकली. न बोलता बघणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बोलला. "मामा, आपला विणकर अर्धा दिवस खळ लावत बसतो. तेवढा वेळ माग झोपतो. खळीला वेगळी माणसं ठेवा, ताण्याला वेगळी. विणकरानं फक्त विणायचं. आणि ताणे आधीच खळ लावून रचून ठेवले, म्हणजे मागाला कुणाची वाट बघावीच लागणार नाही."

खोटं कशाला सांगू? त्याचं म्हणणं बरोबर होतं. कामं वाटून दिली आणि महिनाभरात लुगड्यांचे ढीग लागले. माझी टोकं पळून पळून तापायची. आबासाहेब खूश झाले आणि दिवाळीच्या आधीच सगळ्या लग्नसराईचे ताणे खळ लावून तयार झाले. तिप्पण्णाचे लाल काठाचे ताणे सगळ्यांत आधी झाले, म्हणून ते सूत ठेवायच्या कोठीत, आतल्या कोपऱ्यात, तळाशी गेले. त्यांच्यावर आणि त्यांच्यापुढं बाकीचे रचले, पार आढ्यापर्यंत.

कोठीला कुलूप लागलं. सूत चोरीला जाऊ नये म्हणून खिडक्याही बंद केल्या. विणकरांनी आत पाऊल टाकायचं नाही, एकनाथरावांनी अंधारात हात घालून ताणा ओढून काढायचा आणि दारात द्यायचा, असा नियम झाला. मला विचाराल तर जिथं बघायला मनाई असते तिथंच काहीतरी शिजत असतं. पण धोट्याला विचारतो कोण?

पौषात तिप्पण्णाच्या मागावर तारा, म्हणजे ताण्याचे धागे, तुटायला लागल्या. एक जोडावी तर दुसरी तुटायची. मी ताण्यातून जाताना मध्येच अडकायचो, कधी उसळून जमिनीवर पडायचो. लुगड्यात गाठीच गाठी. वर आबासाहेबांनी तोलून पाहिलं तर दिलेल्या सुताच्या मानानं लुगडं हलकं भरलं.

"सूत कुठं जातंय, तिप्पण्णा?" आबासाहेबांनी विचारलं.

"ताणाच तुटका येतोय, आबासाहेब. उलगडला की आत तारा तुटलेल्या असत्यात."

"मी तर अख्खा दिला होता," एकनाथराव म्हणाले. आणि ते खरंच होतं. गुंडाळलेला ताणा वरून अख्खाच दिसायचा. "बाकी कुणाचे ताणे तुटत नाहीत. ह्याचेच कसे तुटतात?"

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा जात नाही. तिप्पण्णानं गुरम्माला विचारलं, "कांडी नीट भरतीस न्हवं?" झालं! ती उसळली. "माझ्या कांडीला नाव ठेवू नका. तुमीच शिंदीच्या दुकानात सूत देऊन येत न्हाय न्हवं? खरं सांगा!" तिप्पण्णा शिंदीला शिवतसुद्धा नव्हता. तो त्या दिवशी जेवला नाही.

मग झडती सुरू झाली. रोज संध्याकाळी माग सुटले की आबासाहेब दारात खुर्ची टाकून बसायचे. बाकीचे सरळ निघून जायचे. तिप्पण्णा तेवढा थांबायचा. धोतराचा सोगा झाडून दाखवायचा, दोन्ही हात उघडायचा, पालथे करायचा. रांगेतले लोक जाताजाता बघायचे. एकदा तर आबासाहेबांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि माझं पोट उघडून आत बोट फिरवलं. मित्रांनो, मला फार लाज वाटली. माझ्या पोटातून कधी कुणाचं सूत गेलेलं नाही.

शेवटी आबासाहेब स्वतः एक दिवस मागाशेजारी बसले. तिप्पण्णाच्या हातांवरून त्यांनी नजर हलवली नाही. नेमका त्या दिवशी, तुटक्यांच्या जागी म्हणून नव्यानं केलेला लाल काठाचा एक ताणा खळीवरून नुकताच उतरून कोठीच्या दारातच पडला होता आणि एकनाथरावांनी तोच दिला होता. मी दिवसभर सरळ पळालो. एक तार तुटली नाही. तिप्पण्णाला वाटलं, सुटलो! त्यानं हसून वर पाहिलं.

"बघितलंस?" आबासाहेब भाच्याला म्हणाले. "मी बसलो की तार तुटत नाही." मग तिप्पण्णाकडे वळून म्हणाले, "अमावास्येला माग मोकळा कर. खोलीही."

नुसता माग गेला असता तर तिप्पण्णानं दुसरा धरला असता. पण चोर म्हणून निघालेल्या विणकराला सोलापुरात कुणी मागावर बसवत नव्हतं. तो साखर पेठेतले दोन-तीन कारखाने फिरून आला. प्रत्येकानं आधी विचारलं, "आबासाहेबांनी का काढलं?" तिथंच बोलणं संपायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

अमावास्येला सकाळी गुरम्मा भांडी बांधत होती. मी धोतरात गुंडाळून गाठोड्यावर ठेवलेला होतो. तिनं ज्वारीचं पोतं उचललं, आणि तशीच उभी राहिली. पोतं फिरवून पाहिलं. खालून पाहिलं. मग तिनं नवऱ्याला हाक मारली. "अवो, ह्या पोत्याला एक बी भोक न्हाय."

"मग बरंच की," तिप्पण्णा म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं.

"बरं कसं? दिवाळीपासनं माझ्या ज्वारीला उंदीर शिवला न्हाय. दर साली पोतं फाडून खात्यात मेले. ह्या साली एवढं सोवळं कसं पाळायला लागले?"

तिनं पोतं खांद्यावर घेतलं, एका हातात मला घेतलं, का ते तिलाच ठाऊक, आणि तडक कोठीच्या दारात जाऊन बसली. आबासाहेब आणि एकनाथराव दोघंही धावत आले.

"गुरम्मा, तमाशा नको," आबासाहेब म्हणाले.

"तमाशा न्हाय मालक. एवढंच सांगा, माझ्या ज्वारीला उंदीर लागंना, मग उंदीर जेवतात कुटं?"

एकनाथरावांना हसू आलं. "आम्हांला काय ठाऊक, बाई? आम्ही उंदरांची खानावळ चालवतो का?"

"खळ कशाची लावता तुमी?"

"ज्वारीच्या पिठा..." एकनाथराव बोलता बोलता थांबले. त्यांचं हसू मावळलं. कमरेची किल्ली काढून त्यांनी कोठी उघडली, आत गेले आणि पहिल्यांदाच खिडक्या सताड उघडल्या.

पुढचे ताणे बाजूला झाले. वरचे उतरले. तळातल्या कोपऱ्यातले लाल काठाचे ताणे वरून अगदी अख्खे दिसत होते. एकनाथरावांनी एक उलगडला तर आतून पार कुरतडलेला! ज्वारीची खळ लावून महिनोन्‌महिने रचून ठेवलेलं सूत, म्हणजे उंदरांच्या दृष्टीनं भाकरीचीच चळत होती. भिंतीच्या कडेला एक घरटं होतं. एकनाथरावांनी ते ओंजळीत उचलून उजेडात आणलं. आत डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती, आणि घरटं सगळं लाल सुताचं होतं. हेच ते सूत, ज्याच्यासाठी तिप्पण्णाचं धोतर झाडलं जात होतं.

आबासाहेबांनी त्यातला एक धागा काढून बोटांत धरला. तोवर तिप्पण्णा मागून येऊन उभा राहिला होता.

"माग मोकळा करू, का राहू दे?" त्यानं विचारलं.

"बस बाबा मागावर," आबासाहेब म्हणाले. "चुकलं माझं."

गुरम्मानं पोतं उचललं आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "शिंदीचं बोलले ते मनात धरू नका." मग पदरानं डोळे पुसून पिल्लांकडे बघत तेलुगूत एक सणसणीत शिवी दिली.

एकनाथराव माणूस खोटा नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी कामाची वाटणी तशीच ठेवली, पण आठवड्याला लागतील तेवढ्याच ताण्यांना खळ लावायची आणि जो आधी झाला तो आधी मागावर चढवायचा, असं ठरवलं. कोठीच्या खिडक्या उघड्या राहिल्या. कुणाही विणकरानं आत जाऊन आपला ताणा उलगडून बघावा, अशी मुभा मिळाली. तारा तुटायच्या थांबल्या. लाल काठाची लुगडी पुन्हा आबासाहेबांच्या दुकानात पुढच्या फळीवर लागली.

झडतीही बंद झाली. निदान आबासाहेबांनी बंद केली. पण त्याच अमावास्येच्या संध्याकाळी माग सुटले आणि तिप्पण्णा दारात येऊन थांबला. सोगा झाडला आणि हात पुढं केले.

"आता कशाला रे?" आबासाहेब कसंनुसं हसले.

"घ्या की. त्याबिगर पाय निघत न्हाय."

तो टोमणा मारत नव्हता. मी त्याच्या काखेत होतो, मला त्याच्या छातीची धडधड ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशीही तो थांबला, तिसऱ्या दिवशीही. आबासाहेब आधी रागावले, मग समजावून थकले, मग दारातली खुर्ची काढून टाकली. शेवटी शेवटी तर माग सुटायच्या आतच मालक मागच्या दारानं घरी जायला लागले.

मित्रांनो, आता मी कोनाड्यात पडून असतो. माझी ती गाठ उकलायला लागली आहे. अधूनमधून तेलाचं बोट लावलंत तर बरं होईल. आणि संशय घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, मी तरी दुसरं काय केलं जन्मभर? फक्त तार तुटली की विणकराच्या मुठीकडे बघण्याआधी ताणा कुठं पडून होता ते बघा, कोठीची खिडकी उघडा. तुटलेली तार गाठ मारून जोडता येते. तिप्पण्णा मात्र माग कायमचा सुटेपर्यंत, म्हणजे त्याचे डोळे जाईपर्यंत, रोज संध्याकाळी त्या रिकाम्या दारात थांबायचा आणि दोन्ही हात उघडून दाखवायचा.