शिवणाच्या डब्यातली नोट

भिंगकाका बँकेच्या कॅश काउंटरवरून निवृत्त झाले, भिंग मात्र झालं नाही. साडूने नातवाच्या हातावर खाऊसाठी ठेवलेली नोटसुद्धा त्यांनी उजेडात धरून पाहिली होती. तेव्हापासून साडू फक्त फोनवर भेटतो. हल्ली काका रविवारी दुकानदारांना खोट्या नोटा ओळखायला शिकवतात. "माणूस कितीही गोड असो, आधी नोट बघा," हे त्यांचं पहिलं वाक्य.

आज सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून त्यांनी काकूंचा शिवणाचा डबा उघडला. रिळांखाली, कापडात गुंडाळलेली शंभराची नोट. पहिल्या पगाराच्या दिवशी काकूंच्या हातावर ठेवलेली. येताना फुलं घेतली, तेव्हा मोड म्हणून आलेली.

बोटांनीच आधी ओळखलं. कागद बुळबुळीत. उजेडात धरली, तर जलचिन्हातला सिंह चक्क रंगवलेला, तोही सर्दी झाल्यासारखा.

खोटी नोट बँकेत जमा करायची, ती परत मिळत नाही, हे त्यांनीच जगाला शिकवलेलं. पण जिने ती आयुष्यभर जपली, तिला सांगायचं कसं?

काकू चहा घेऊन आल्या. "मिळालं का बटण?"

"अगं, ही नोट मला देतेस? बदल्यात कोरी देतो."

"का? हिला काय झालंय?"

"जुनी झालीये."

"मीही झालेय."

काकांनी नोट मांडीवर ठेवली. "खोटी आहे गं. मी दिलेली, आणि खोटी."

"माहितीये. दुसऱ्याच दिवशी वाण्याने परत केली होती."

"आणि तू बोलली नाहीस?"

"नवा कॅशियर, पहिला पगार. जेवण सोडलं असतंत."

"मग फाडून टाकायचीस."

"अहो, जन्मभर प्रत्येक नोट उलटीपालटी केलीत. ही एकच न बघता दिलीत. तेव्हा माझ्याकडे बघत होतात."

काकांनी भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने नोटेवर शिक्का मारला, ती ठेवून घेतली आणि पावती दिली. घरी येऊन काकूंनी पावती त्याच कापडात गुंडाळली.

"उजेडात बघायचीये?"

"छे," काका म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्यावर त्यांनी हळूच बघितली. खरी होती.