शिंजिरापायी पडलेलं भोक

अरे ऐक ना, दोनच मिनिटं. नालोंगो चष्मा शोधायला आत गेलीय, ती यायच्या आत हे कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. मी पडदा बोलतोय. कंपालातल्या एका चढावरच्या घराचा, बैठकीच्या खिडकीतला. पांढराशुभ्र, क्रोशाचा. आणि माझ्या बरोब्बर मधे संत्र्याएवढं भोक आहे.

जन्मतः नव्हतं हां.

मला बाबिरियेनं विणलं. ती आणि नकातो जुळ्या. जुळ्यांची आई म्हणून त्यांच्या आईला सगळी गल्ली नालोंगो म्हणते, खरं नाव तर मलाही ठाऊक नाही. बाबिरियेचं मस्कतला घरकामाला जायचं ठरलं आणि व्हिसा येईपर्यंत साडेचार महिने ती याच खिडकीत बसून मला विणत होती. अननसाची नक्षी. चुकलं की स्वतःलाच शिव्या घालायची, उसवायची, परत विणायची. शेवटचा टाका घातला तेव्हा बाहेर टॅक्सी हॉर्न देत होती. मला टांगलं, एकदा वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि गेली.

दोन वर्षं झाली. नालोंगो मला धुते, नीळ घालते, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. पण त्या बोटांची ऊब काही वेगळीच होती रे. वाऱ्यानं हललो तरी मला वाटतं, आली.

खिडकीबाहेर जास्वंद आहे. तिच्यावर रोज सकाळी एक शिंजीर येतो, हिरवागार, लाल छातीचा टिकोजीराव. फुलात चोच खुपसतो, इकडेतिकडे बघतो, पसार. विणताना बाबिरियेचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच असायचं.

तर गेल्या रविवारी सकाळी तिचा निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. शुक्रवारी मालकीण कागद पुढे करणार, अजून दोन वर्षांसाठी सही करायची, नाहीतर परत यायचं. स्वतः काय करणार ते सोडून भलतंच विचारलं. "नकातो, त्या शिंजिराचा लाल पट्टा हिरव्याच्या खाली असतो की वर? काल दिवसभर आठवत बसले. आठवेचना."

नकातोनं ते तीनदा ऐकलं. मग उठली. ती लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे कामाला आहे, मालकाचा मोठा कॅमेरा त्या दिवशी घरीच होता. दार उघडून बाहेर गेली, पक्षी उडाला. अर्ध्या तासानं परत आला, तिनं मला बाजूला सारलं, पुन्हा उडाला. मग माझ्या आडून काढायला लागली, तर कॅमेरा पकडतो माझेच धागे! अकरा फोटो, अकराही माझे, आणि मागे हिरवा डाग. एरवी मी खूश झालो असतो.

नालोंगो चर्चला गेली होती. नकातो स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली. मला ताणून धरलं. मग कच्. मधला अख्खा अननस गेला. टाके निसटू नयेत म्हणून कडांना नखांचं पॉलिश फासलं, घरात होतं ते लालभडक. भोकातून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर काढला आणि बसली. शिंजीर आला. त्याला कळलंसुद्धा नाही.

फोटो काय आला म्हणून सांगू! चोचीवरचा परागकणही दिसत होता. नकातोनं तो लगेच मस्कतला पाठवला.

नालोंगो परतली आणि घर डोक्यावर घेतलं. उद्या तुला मागणी घालायला लोक येतील, त्यांना काय सांगू, आमच्या घरात उंदीर फोटो काढतात? पोरीनं बहिणीची आठवण कापली, वगैरे वगैरे. नकातो खाली मान घालून केळी सोलत राहिली.

संध्याकाळी मस्कतहून उत्तर आलं. आधी एवढंच, लाल खाली असतो, बरोबर. मग तिचा आवाज. "फोटोच्या कडेला, खिडकीच्या उघड्या तावदानाच्या काचेत माझा पडदा दिसतोय. मधे लाल कडेचं भोक आहे. कापलास ना गं? आई, कुणी हात लावायचा नाही. ते मीच भरणार."

कागदाबद्दल अक्षर नाही.

आज गुरुवार. रविवारी चर्चच्या बायका चहाला येणार, नालोंगोला भोकाची लाज वाटते. दुपारी सुई घेऊन बसली. बाबिरियेला यायला अजून दोन वर्षं लागली तर, असं पुटपुटत होती, डोळे पुसत होती. आणि मी, तुला म्हणून सांगतो, तिनं अडकवलेला टाका हळूच सोडला. एकदा नाही, तीनदा. बिचारीला वाटलं, आपलीच नजर गेली. म्हणून चष्मा शोधायला उठली.

वाईट मलाही वाटतंय रे. पण भोक भरलं की मी परत देखणा, घर परत नीटनेटकं, आणि इथे बाबिरियेची वाट बघणारं एकही काम उरत नाही. उद्या शुक्रवार आहे.

पावलं वाजताहेत. चष्मा सापडला वाटतं. खरं सांग, माझ्या जागी तू असतास, तर टाका धरला असतास की सोडला असतास?